शेजारच्या खुर्चीवरचा आवाज

पान दोघींनी एकदमच उलटलं. म्हणजे माझाही हात गेला आणि तिचाही, आणि मधल्या मध्ये पानाचा खालचा कोपरा फाटला. सकाळचे सव्वाअकरा, तालमीच्या सुट्टीला अजून पंधरा मिनिटं, सिम्फनीच्या तिसऱ्या भागातली ती धावपळीची जागा, आणि दुसऱ्या स्टँडवरच्या दोन व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून जरा मोठ्या आणि खर्जाच्या, गप्प. पासष्ट माणसं वाजवत असताना दोन व्हायोला गप्प झाल्या तर कुणाला पत्ता लागत नाही. सिम्फनी पुढे निघून गेली, आम्ही दोघींनी तीन ओळी सोडून धावत जाऊन तिला गाठलं. नव्या शेजारणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही, पण हे काम माझं आहे हं, अशा नजरेनं. बरोबरच होतं तिचं. एका स्टँडवर दोघं बसतात आणि दोघांत नोटेशनची एकच प्रत असते. श्रोत्यांच्या बाजूला बसतो त्यानं वाजवत राहायचं, आतल्या बाजूला बसतो त्यानं पान उलटायचं. उलटताना दोन-चार स्वर सुटतात, ते त्यानं सोडून द्यायचे. पेन्सिलही आतल्याचीच. मी बावीस वर्षं आत बसले. गेले सात महिने बाहेर बसतेय, पण हाताला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. सुट्टीत मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, होतं असं, आणि पर्समधून चिकटपट्टी काढून कोपरा नीट जोडला. तिच्या पर्समध्ये सगळं असतं. मी मात्र चहाचा कप हातात धरून खिडकीशी उभी राहिले आणि चहा तसाच गार झाला. माझा हात कुणासाठी पुढे गेला होता ते मला पक्कं ठाऊक होतं.

बावीस वर्षं माझ्या डाव्या हाताला शेजारी बसायचा. त्याला मी शेजारीच म्हणते. वृंदात सगळे आम्हा दोघांना 'जोडी' म्हणत, पण ते थट्टेनं. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो मला दुसऱ्या दिवसापासून तू म्हणायला लागला, मी बोलताना तुम्ही म्हणायचे आणि मनात तो. पहिल्याच आठवड्यात, मी घाबरून गज हलका धरून वाजवत असताना, त्यानं नोटेशनवरची नजर न काढता मला सांगितलं, "तुला मी ऐकू यायला लागलो की समज, दोघांपैकी कुणीतरी चुकतंय." आमचं काम तेच आहे. दोन व्हायोला, चार तारा आणि चार तारा, पण बाहेर एकच आवाज गेला पाहिजे. त्याचा आवाज वेगळा कळला तर तो चुकला, माझा कळला तर मी. म्हणून बावीस वर्षांत मी त्याला एकदाही ऐकलं नाही. बाकी त्याचं सगळं मला माहीत होतं. उजवा बूट कुरकुरायचा. संथ भागाच्या आधी तो हमखास एकदा खाकरायचा. सुरुवात करायच्या आधी नाकानं श्वास घ्यायचा, इतका बारीक की तो फक्त मलाच कळावा, आणि वृंद चालवणाऱ्या कंडक्टरच्या काठीपेक्षा मी त्या श्वासावर जास्त भरवसा ठेवायचे. जिथे दोन उभ्या रेघांमधली घरंच्या घरं रिकामी असतात, सदतीस घरं नुसतं गप्प बसायचं असतं, तिथे आम्ही दोघं मनात मोजायचो आणि दहाव्या, विसाव्या, तिसाव्या घराला एकमेकांकडे बघायचो. आकडा कधी चुकला नाही. इतकं सगळं माहीत असलेल्या माणसाचा आवाज मात्र मला माहीत नाही. नवी शेजारीण चांगली वाजवते, कदाचित माझ्याहून चांगली. पण तिचा प्रत्येक स्वर मला स्वच्छ ऐकू येतो, आणि तालीम संपते तेव्हा माझी मान आखडलेली असते.

मी ताईबरोबर राहते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेली, आणि अजून प्रत्येक गोष्टीची व्याख्या मागणारी. एकदा, फार वर्षांपूर्वी, ती आमच्या कार्यक्रमाला आली होती. पहिला भाग संपला आणि तिनं भरल्या सभागृहात एकटीनं टाळ्या वाजवल्या. लोकांनी वळून पाहिलं. तेव्हापासून तिनं पाऊल टाकलं नाही; चार वेळा थांबतं आणि टाळी मात्र एकदाच वाजवायची, हा कुठला न्याय, म्हणते. त्या दिवशी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर नोटेशनची पानं पसरून बसले तर समोर येऊन बसली आणि म्हणाली की इतकी वर्षं घरात हा शब्द ऐकतेय, सिम्फनी म्हणजे नेमकं काय ते एकदा सांग. मी म्हटलं, पाऊण तासाची मोठी रचना, चार भाग. पहिला भाग जोरकस, त्यात दोन सुरावटी समोरासमोर येतात आणि त्यांचं जमतं किंवा जमत नाही, दुसरा संथ, तिसरा नाचरा, चौथा सगळं एकदाचं निकालात काढणारा. ती म्हणाली, ही रचना झाली, अर्थ सांग. मी म्हटलं, सगळ्यांनी मिळून एकत्र वाजणं, शब्दाचा अर्थ तेवढाच. मग म्हणाली, आणि तुला ती कशी वाटते? आता आली पंचाईत. खरं सांगायचं तर मी सिम्फनी कधी ऐकलेलीच नाही. रेकॉर्ड ऐकल्यात, पण ते निराळं. आत बसणाऱ्याला ती ऐकू येत नाही. माझ्यासमोर फक्त व्हायोलाचं नोटेशन असतं. बासरी काय करते ते बासरीवाल्याला माहीत. पाठीमागून पितळी वाद्यं अंगावर येतात, समोरचे चेलो थोडे कळतात, पलीकडची व्हायोलिनं तर जणू शेजारच्या घरात. सगळी सिम्फनी लिहिलेली असते ती एका कंडक्टरपुढे, आणि तो माणूस एकही स्वर काढत नाही. ताईला हे फार आवडलं. म्हणजे ज्याला सगळं कळतं तो मुका आणि जे बोलतात त्यांना काही कळत नाही, असं म्हणून ती हसत आत गेली आणि मी खोडरबर हातात घेतला.

नव्या कंडक्टरला गजाची दिशा बदलून हवी होती. कुठे गज वर, कुठे खाली, याच्या खुणा पेन्सिलनं केलेल्या असतात. प्रत्येक नवा माणूस येतो आणि जुन्या खुणा खोडायला लावतो. हे काम आतल्याचं, म्हणजे नव्या शेजारणीचं. पण ही सिम्फनी आम्ही दोघांनी पाच वेळा वाजवली होती, हीच प्रत होती, म्हणून मी मुद्दाम मागून घरी आणली. मला काय हवं होतं ते सांगायला लाज कशाची? मला त्याचं अक्षर हवं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेले. समासात सगळीकडे पेन्सिल होती. 'घाई नको.' 'वर बघ.' 'इथे श्वास.' फसव्या जागेशी रेखाटलेला चष्मा, म्हणजे इथे नीट बघ. त्या सदतीस रिकाम्या घरांवर 'डुलकी'. त्या दिवशी तो पुटपुटला होता, इथे एक डुलकी बसते बघ, आणि मी हसू दाबत लिहून टाकलं होतं. सगळे शब्द त्याचे. आणि अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं. पेन्सिल आतल्याची असते हे मला माहीत नव्हतं का? बावीस वर्षं तेच करत होते मी. तरी प्रत्येक पान उलटताना वाटत होतं की एखाद्या ठिकाणी तरी त्यानं माझ्या हातातून पेन्सिल घेतली असेल. नव्हती घेतली. मी गजाच्या खुणा खोडल्या, नव्या घातल्या, आणि शब्द तेवढे ठेवले. दुसऱ्या दिवशी नव्या शेजारणीनं विचारलं, हे डुलकी कुणी लिहिलंय? मी म्हटलं, मी. यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या भागात, संथ भागात, व्हायोलांना आठ घरं सुरावट मिळते. अख्ख्या सिम्फनीत तेवढीच. एरवी आम्ही भरावाचं काम करतो, वरच्या आणि खालच्या आवाजांमधली जागा भरून काढायची; पण त्या आठ घरांत बाकीचे सगळे दबून वाजवतात आणि गाणं आमच्याकडे येतं. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. पाचव्या दिवशी तो तालमीला आला. ती आठ घरं आली. मी वाजवत होते आणि सहज डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर त्याचा गज जात-येत होता, हात नेहमीसारखा, खांदा नेहमीसारखा, पण गज आणि तार यांच्यामध्ये फट होती. केसाएवढी. त्या फटीतून पलीकडचा दिव्याचा उजेड दिसत होता. तो वाजवतच नव्हता. मला कानांनी कळलं नव्हतं. त्याला न ऐकण्याची इतकी सवय मी लावून घेतली होती की तो गप्प झालेलाही मला ऐकू आला नाही. मग मी गज तारेवर थोडा जास्त दाबला आणि दोघांचं वाजवलं. आठ घरं संपली, त्यानं गज टेकवला, पुढे वाजवायला लागला. नंतर वाद्य पेटीत ठेवताना त्यानं माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. मी त्या दिवशी घरी चालत गेले, बसचे चार थांबे. मला तेव्हा समजलं की हे नुसतं शेजारपण नाही. समजलं आणि मी ते गिळलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा त्याच्याच शेजारी बसायचं होतं.

आणि मग मीच माती खाल्ली. या वर्षाच्या सुरुवातीला एकदा वाजवता वाजवता तो थांबला आणि हळूच म्हणाला, तुझी व्हायोला चढी लागलीय का? मी तारा पुन्हा जुळवल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा. पुढच्या स्टँडवरच्यांनाही ऐकू गेलं. बेसूर म्हणणं ही आमच्या धंद्यातली शिवी आहे, आणि ती मला बावीस वर्षांनंतर या माणसाकडून, चारचौघांत. दीड महिना मी रोज घरी यंत्रावर सूर तपासून यायचे. सूर चोख असायचा. शेवटी एके सकाळी तो काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, "तुमचेच कान तपासून घ्या एकदा." मागे कुणीतरी हसलं. त्यानं मान खाली घातली आणि संपूर्ण तालीम माझ्याकडे पाहिलं नाही, सदतीस घरांतसुद्धा. तो खरंच गेला तपासायला. डाव्या कानात बिघाड निघाला. व्हायोला ज्या कानाखाली धरतात तो कान. बोलणं ठीक ऐकू यायचं, पण स्वर त्या कानात चढा लागायचा आणि उजव्यात बरोबर. एकच स्वर दोन कानांत दोन, आणि बरा होण्यातला नाही. महिनाभरात तो निवृत्त झाला. मुलीकडे राहायला जातोय म्हणाला. त्यानं मला हे सगळं वाद्यांच्या खोलीत सांगितलं, पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं, आणि वर म्हणाला की गंमत म्हणजे तुझ्या बाजूचा कान शाबूत आहे. मी म्हटलं, "बरं."

बरं! बावीस वर्षांनी एवढंच सुचलं. त्यानंतर सात महिने मी फोन केला नाही. त्यानंही केला नाही, पण त्यानं का करावा? ताईनं दोनदा आडून आणि एकदा सरळ विचारलं. मी म्हटलं, काय बोलू, माझं बोलणं खरं ठरलं म्हणून माफी मागू? ती म्हणाली, मग तशी माग. शिक्षकाला सगळं सोपं वाटतं. मला माफीचं तेवढं भय नव्हतं. भय होतं ते माफीनंतरचं. माफी मागून झाली की पुढे काही बोलावं लागतं, आणि पुढे जे होतं ते एकदा तोंडातून निघालं की परत घेता आलं नसतं. त्यानं मग नुसतं 'बरं' म्हटलं तर? रोज सकाळी मी त्याच्या खुर्चीवर बसायचे. वृंदाच्या नियमानं ती आता माझी होती. तिथून श्रोत्यांच्या रिकाम्या खुर्च्या जवळ दिसतात, उजेड वेगळा येतो, आणि मला सारखं वाटायचं की हे तो बावीस वर्षं बघत होता आणि मी कधी विचारलं नाही. मला तो हवा होता. तेही कुठल्या मोठ्या अर्थानं नव्हे. डाव्या हाताला हवा होता, कुरकुरत्या बुटासकट. चौपन्नाव्या वर्षी हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील, म्हणून मी ते कुणालाच सांगितलं नाही.

शेवटच्या तालमीला, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, कंडक्टर मधेच थांबला आणि म्हणाला, कुणीतरी एक जण खाली सभागृहात जाऊन बसा, पितळी वाद्यं बाकीच्यांना झाकतायत का ते ऐकून सांगा. हे नेहमीचंच आहे. बहुतेक वेळा मागच्या रांगेतला एखादा जातो. माझा हात वर गेला. या वेळी हातानं मला न विचारताच केलं ते बरं केलं. मी व्हायोला खुर्चीवर ठेवली, बाजूच्या जिन्यानं उतरले आणि चौदाव्या रांगेत जाऊन बसले. संथ भाग सुरू झाला. सुरुवातीला मला काहीच समजेना. मी व्हायोला शोधत होते, आणि त्या कुठे नव्हत्या. बासरी कुठली, चेलो कुठला, हेही थोड्या वेळानं सुटत गेलं. समोर चौसष्ट माणसं हात हलवत होती आणि त्या हातांचा या आवाजाशी काही संबंध आहे असं वाटत नव्हतं. आवाज त्यांच्या डोक्यावर कुठेतरी तयार होत होता आणि पूर्ण तयार होऊन माझ्यापर्यंत येत होता. ती आठ घरं आली. दुसऱ्या स्टँडवर एक खुर्ची रिकामी होती, नवी शेजारीण एकटी वाजवत होती, स्वतःच वाजवून स्वतःच पान उलटत होती. गाण्यात काही कमी नव्हतं. कुणावाचून कुणाचं अडत नाही म्हणतात ते अगदी खरं, मी नव्हते आणि माझ्यावाचून सिम्फनीचं काही अडलं नव्हतं. तो नव्हता तेव्हाही तिचं अडलं नव्हतं. अडलं होतं माझं. हे इतकं साधं होतं आणि ते समजायला मला चौदाव्या रांगेत यावं लागलं. डोळे कधी भरले कळलं नाही. भाग संपला, कंडक्टर वळला आणि त्यानं तिथूनच विचारलं, काय, पितळ जास्त होतंय का? मी ते ऐकलंच नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा एकदा ऐकावं लागेल. सगळा वृंद हसला, कंडक्टरही हसला, आणि पुन्हा वाजवायला लागला.

दुपारच्या सुट्टीत मी मागच्या जिन्यावर गेले. तिथे रंगवलेले जुने पडदे गुंडाळून ठेवलेले असतात, कुणी येत नाही. नंबर मला पाठ होता. चौथ्या घंटीला त्यानं उचलला आणि माझा आवाज ऐकून, जसं काही आम्ही कालच बोललो होतो तसं, विचारलं की आज सुट्टी किती वाजता झाली. मी म्हटलं, आत्ताच. मग माझं मीच भराभर सांगायला लागले. आज खाली बसून ऐकली ती सिम्फनी. पहिल्यांदाच. तो म्हणाला, नशीबवान आहेस, माझं राहूनच गेलं, आता तर काय. मग त्यानं विचारलं, "आपण ऐकू येतो का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

तो हसला. बराच वेळ हसला, मला तो खोकला वाटायला लागेपर्यंत. "मग ठीक वाजवत होतो आपण," तो म्हणाला.

मी म्हटलं, ते कानाचं मी बोलले होते, चारचौघांत, तसं बोलायला नको होतं. त्यानं मला पुरं बोलूही दिलं नाही. म्हणाला, अगं, तू म्हणालीस म्हणून तर गेलो तपासायला, नाहीतर आणखी वर्षभर तुझ्याच व्हायोलाला नावं ठेवत बसलो असतो. राग आला होता का, मी विचारलं. आला होता की, तो म्हणाला, डॉक्टरच्या दारापर्यंत टिकला. तिकडे कुणीतरी नळ सोडला आणि बंद केला. मुलगी बहुधा. माफी मागून झाली होती आणि आता पुढची जागा आली होती. खालून कुणीतरी मला हाक मारत होतं, नवी शेजारीण असावी, पाच मिनिटं राहिली होती. मी पडद्याची कड घट्ट धरली.

"मला करमत नाही तुमच्याशिवाय," मी म्हटलं.

मी मोजायला लागले, सवयीनंच, आणि दहाच्या पुढे गेले. मग त्यानं श्वास घेतला. नाकानं, बारीक.

"थांब," तो म्हणाला. "फोन डाव्या कानाला आहे. चांगल्या कानाला लावतो." काहीतरी खरखरलं, सरकलं, खुर्ची असेल. "हं. आता सांग."

मी पुन्हा सांगितलं.